म्हाताऱ्या मोटारीचा मानमरातब

एखाद्याच्या वैभवाचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे पूर्वी ‘त्याच्या दारी हत्ती झुलतो’ असे म्हणत. ह्या वाक्प्रचारातील खरे मर्म ‘झुलतो’ ह्या क्रियापदात आहे. हत्ती विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार. तो दारी झुलत ठेवणे हा मात्र रोजचा संसार. त्याचा चारा, त्याचा माहूत, त्याच्या साखळदंडाची डागडुजी आणि त्याच्या दुखण्यातील औषधपाणी ह्या सर्वांची तरतूद ज्याच्या घरी असे, त्याच्याच दारी हत्ती शोभत असे. एकेकाळच्या सरदारांची संपत्ती ओसरली आणि दारचा हत्ती तेवढा उरला, म्हणजे त्याच्या मालकाची जी अवस्था होई, तिची आठवण करून देणारे एक दृश्य आजच्या शहरांत गल्लोगल्ली दिसते. ते म्हणजे वय झालेली, उंची, आलिशान मोटार आणि तिला सांभाळण्याच्या खटपटीत असलेला तिचा मालक.

नवी असताना जी गाडी केवळ उद्योगपतींना, नामांकित शल्यवैद्यांना किंवा चित्रपटतारकांना परवडत होती, तीच दहाबारा वर्षांनी एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळू लागते. मोहाचे मूळ येथेच आहे. कातड्याने मढविलेली आसने तीच, दार लावताना होणारा भारदस्त आवाज तोच, आणि बोनेटवरील चिन्हही तेच. मध्यमवर्गातील एखाद्या हौशी गृहस्थास वाटते की, आपण मोठाच सौदा साधला. परंतु ह्या व्यवहारातील एक नियम त्याच्या ध्यानी सहसा उशिरा येतो. वयाबरोबर गाडीची किंमत उतरते. तिचा मानमरातब मात्र उतरत नाही. तिचा बंब, म्हणजे रेडिएटर, तिचे ब्रेक, तिचे टायर, तिच्या दिव्यांच्या काचा ह्या सर्वांच्या किमती ती नवी असताना ज्या वर्गात होती त्याच वर्गाच्या राहतात. गाडी गरिबाघरी आली म्हणून तिचे सुटे भाग गरिबाच्या दराने मिळत नाहीत. वस्तूची किंमत आणि वस्तूचा सांभाळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली उतरली म्हणजे दुसरी अधिकच चढल्यासारखी भासते.

हा अनुभव कोणत्याही शहरात येऊ शकतो. पण त्याचा सर्वांत बोधप्रद इतिहास पाहावयाचा असेल तर चेन्नईकडे वळावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीनचार दशकांत हिंदी मोटारींची तीन माहेरघरे होती. मुंबईच्या कुर्ला येथे वालचंद हिराचंद ह्यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट तयार होई. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर तयार होई. आणि तेव्हाच्या मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ह्या कंपनीची स्टँडर्ड गाडी तयार होई. फियाट आणि ॲम्बॅसडर ह्यांची नावे मराठी माणसाच्या ओठांवर आजही आहेत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने फियाटची वारस पद्मिनी 2023 सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. स्टँडर्डचे नाव मात्र जुन्या पिढीतील काही जाणकार सोडले तर आता कोणी घेत नाही. घोड्याच्या बग्ग्या बांधण्यासाठी 1840 साली स्थापन झालेल्या सिम्सन कंपनीचे, माउंट रोडवरील मोटारविक्रीच्या भव्य दालनांचे आणि कुशल कारागिरांचे हे शहर. तेथेच एक राजस मोटार जन्मली, अल्पायुषी ठरली, आणि आपल्यामागे मालकांना पोरके करून गेली.

स्टँडर्ड कंपनीची स्थापना 1948 सालची. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीच्या स्टँडर्ड मोटर कंपनीशी तिचे सहकार्य होते, आणि शहराच्या दक्षिणेस, वंडलूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पेरुंगळत्तूर येथे तिचा कारखाना उभा राहिला. व्हॅनगार्ड, टेन, पेनंट, आणि 1961 पासून हेराल्ड अशी तिच्या गाड्यांची परंपरा होती. सत्तरीच्या दशकात गझेल ही गाडी निघाली व 1977 च्या सुमारास तीही थांबली. त्यानंतर काही वर्षे ह्या कारखान्यातून मालवाहू व्हॅनच तेवढ्या बाहेर पडत. आणि मग 1985 साली कंपनीने एक धाडस केले. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीची एसडी-1 ही गाडी तिने ‘स्टँडर्ड 2000’ ह्या नावाने हिंदुस्थानात आणली.

रोव्हर एसडी-1 ही काही सामान्य गाडी नव्हती. डेव्हिड बॅश ह्यांनी रेखाटलेली तिची आकृती 1976 साली प्रथम लोकांपुढे आली, आणि 1977 सालची युरोपातील सर्वोत्तम मोटार हा मान तिला मिळाला. लांब निमुळते नाक, मागे उतरत गेलेले छत आणि उघडताना काचेसकट वर जाणारे पाठीमागचे दार अशी तिची ऐट होती. इंग्लंडमधील तिच्या थोरल्या आवृत्तीत आठ सिलिंडरांचे साडेतीन लिटरचे इंजिन असे. चौकोनी, ठेंगण्या गाड्यांची सवय झालेल्या हिंदी रस्त्यांवर ही मोटार अवतरली तेव्हा ती परलोकातून आल्यासारखी दिसली असल्यास नवल नाही. मुंबईची प्रीमियर 118 एनई आणि उत्तरपाड्याची कॉन्टेसा ह्या तिच्या समकालीन प्रतिस्पर्धी. पण रूपात दोघींनाही तिची सर नव्हती.

रूप असे असले तरी अंतरंग वेगळे होते. मद्रासच्या गाडीत रोव्हरचे मूळ इंजिन बसविलेले नव्हते. 1991 घन सेंटिमीटर क्षमतेचे, जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या घराण्यातील इंजिन थोड्या सुधारणा करून तिला देण्यात आले. ह्या घराण्याचा उगम चाळीसच्या दशकातील. इंग्लंडमध्ये ह्याच घराण्यातील इंजिने एकीकडे ट्रायम्फच्या टीआर-2 ह्या क्रीडामोटारीत, तर दुसरीकडे फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये बसविली गेली होती. राजपुत्राचा पोशाख आणि शेतकऱ्याचे काळीज असा हा विवाह होता. हौसेने पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने गाडीकडून जो वेग आणि जी चपळाई अपेक्षिली ती त्याला मिळाली नाही. इंधनाचा खप हाही लवकरच तक्रारीचा व वादाचा विषय झाला. 1988 साली गाडीचे उत्पादन थांबले. इंग्लंडमध्ये तर मूळ रोव्हरचे उत्पादन त्यापूर्वी, 1986 सालीच संपले होते. म्हणजे मद्रासच्या मालकाच्या हाती जी मोटार राहिली, तिला ना सासर उरले ना माहेर.

कारखाना बंद झाला की गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. ती सकाळी सुरू होते, मुलांना शाळेत पोहोचविते, मालकाला कचेरीत नेते. पहिल्या एकदोन वर्षांत काही जाणवतही नाही, कारण विक्रेत्यांच्या कपाटांत सुट्या भागांचा साठा असतो. मग एके दिवशी पुढची काच तडकते, किंवा दिव्याच्या वरचे प्लास्टिकचे आवरण फुटते, आणि मालकाला कळते की ही वस्तू आता कुठल्याच दुकानात नाही. यंत्राचे भाग एक वेळ लेथवर घडवून घेता येतात. पण गाडीच्या विशिष्ट आकाराची काच, तिच्या दारांची रबरी पट्टी, तिच्या दर्शनी फळीवरील घड्याळे ह्या वस्तू घडविता येत नाहीत. अनुभवी मिस्त्री म्हणूनच सांगतात की, जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज नंतर ऐकावा, आधी तिच्या काचा, दिवे आणि रबरे पाहावीत. इंजिन म्हणजे दुरुस्त होणारे दुखणे. हरवलेला दिवा म्हणजे गेलेला डोळा.

आणि येथेच दैवाचा एक चमत्कारिक न्याय दिसतो. ज्या इंजिनाची नवेपणी सर्वांनी थट्टा केली, तेच म्हातारपणी मालकाच्या उपयोगी पडले. ह्या इंजिनाच्या सिलिंडरांत स्वतंत्र लोखंडी नळकांडी बसविलेली असतात. त्यांना मिस्त्रींच्या भाषेत लायनर म्हणतात, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला थंड पाणी थेट खेळत असते. झिजलेले लायनर काढून नवे बसविले की सारा ठोकळा बदलण्याची अथवा कोरण्याची गरज पडत नाही. कार्ब्युरेटर हाताने खोलता येतो, धुता येतो, पुन्हा जुळविता येतो. ज्याला ट्रॅक्टर दुरुस्त करता येतो, त्याला हे इंजिन परके वाटत नाही. गाडीच्या रूपाने मालकाला दिपविले, पण तिचा सांभाळ शक्य केला तो तिच्या साधेपणाने. वस्तूच्या तारुण्यात जो दोष म्हणून हिणविला जातो, तोच तिच्या वार्धक्यात आधार ठरतो, हा अनुभव मोटारीपुरताच मर्यादित नसावा.

अशा पोरक्या गाड्यांचे पालन चेन्नईत ज्या दोन बाजारांनी केले, त्यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. एक जनरल पॅटर्स रोड. माउंट रोडला, म्हणजे आजच्या अण्णा सालैला लागून असलेल्या ह्या रस्त्यावर मोटारींच्या नव्या सुट्या भागांची व सामानाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. दुसरा बाजार एग्मोरजवळचा पुदुपेट. तमिळमध्ये ‘पुदु’ म्हणजे नवी आणि ‘पेट्टै’ म्हणजे आपली पेठ. पण ह्या ‘नव्या पेठेत’ विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू मात्र जुन्या. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला पुदुपेटची ओळख करून देण्याचे कारण नाही. मोडीत निघालेल्या गाड्या येथे येतात आणि अवयवाअवयवांनी वेगळ्या होतात. एका ओट्यावर दारे, दुसऱ्यावर गिअरपेट्या, तिसऱ्यावर दिवे, आणि त्यांच्यामध्ये तेलाने काळवंडलेल्या हातांचे कारागीर. येथील व्यापाऱ्याला पुस्तकातील भागांचे क्रमांक पाठ नसतील. पण हातातला भाग पाहून तो कोणत्या गाडीचा, आणि दुसऱ्या कोणत्या गाडीला थोडा घासून बसेल, हे तो क्षणात सांगतो. कुठलीही कंपनी असले ज्ञान छापीत नाही. एक गाडी मरते तेव्हा दहा गाड्या जगतात, हा ह्या पेठेचा धर्म आहे.

जुन्या गाडीचे शत्रू चेन्नईत अनेक; पैकी पहिला समुद्र. खाऱ्या, दमट हवेचा परिणाम वरच्या रंगावर उशिरा दिसतो. पण दारांच्या तळाशी, पायाखालच्या पत्र्यात, चाकांवरच्या कमानींच्या आतल्या बाजूस गंज आपले काम गुपचूप करीत असतो. दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की दाराच्या पोटात पाणी साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वर्षातून दोनदा एखाद्या काडीने ही छिद्रे मोकळी करणे हा जुन्या गाडीवरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा उपचार आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील मालकांनीही तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात ‘अग्निनक्षत्र’ म्हणून ओळखले जाणारे कडक ऊन तेथे पडते आणि पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. इंजिन तापते, बॅटरीतील पाणी आटते, रबर कडक होऊन तडकते. त्यातच कूपनलिकेचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय घातक ठरते. चहाच्या किटलीत जसा पांढरा थर जमतो तसाच क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो, आणि अर्ध्या नळ्या बुजल्या की भर रस्त्यात बोनेटखालून वाफ उसळते. क्षारमुक्त पाणी आणि शीतक ह्यांवर केलेला अल्पसा खर्च इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीतून वाचवितो. अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्यांना सोसत नाही. म्हणून पूर्वीच्या गाड्यांच्या इंधनवाहक नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसविणे हा आता सुरक्षिततेचाच भाग झाला आहे, कारण गळणारे पेट्रोल आणि तापलेले इंजिन ह्यांची गाठ पडू देणे म्हणजे आगीला आवतण देणे होय.

तिसरा शत्रू पूर. चेन्नईचा मोठा पाऊस आपल्याकडच्याप्रमाणे आषाढ-श्रावणात येत नाही. तो ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत येतो. 2015 सालच्या डिसेंबरच्या आरंभी अड्यार नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, आणि 2023 च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाने पुन्हा तोच अनुभव दिला. तेव्हापासून पावसाची सूचना आली की वेलाचेरी भागातील लोक आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन ओळीने उभ्या करू लागले. यंत्रणेला हे रुचो अथवा न रुचो, मालकांचे शहाणपण अनुभवातून आलेले होते. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह अनावर असतो, आणि नेमका तोच तिचा घात करतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविले की वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा पोलादी दांडा वाकतो. जी गाडी धुऊन, पुसून, तेल बदलून वाचली असती, ती किल्लीच्या एका फेऱ्याने निकामी होते. बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवावी, तिला ढकलून किंवा ओढून मिस्त्रीकडे न्यावे, आणि किल्लीला हात लावू नये, हा धडा चेन्नईने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

ह्या पुरातच जुन्या आणि नव्या आलिशान गाडीतील भेद उघडा पडला. कार्ब्युरेटरची गाडी चिखलातून निघाली तर तिचे पुर्जे वाळविता येतात. नव्या युगातील मोटारीचे चित्त मात्र तिच्या इंजिनात नसते. आसनांच्या खाली, सामानाच्या कप्प्याच्या तळाशी बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांत ते असते. त्या एकदा भिजल्या म्हणजे बहुधा बदलाव्याच लागतात, आणि नवी पेटी बसविली तरी संगणकाद्वारे ती गाडीला ओळख करून दिल्याशिवाय गाडी तिला आपली मानीत नाही.

हा भेद आता चेन्नईच्या घरोघरी येऊन पोहोचला आहे. 2007 सालच्या मार्चमध्ये शहराच्या दक्षिणेकडील महिंद्र वर्ल्ड सिटी येथे जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीचा जुळणीचा कारखाना सुरू झाला. गंमत अशी की, पेरुंगळत्तूरच्या ज्या हमरस्त्यावर स्टँडर्डचा कारखाना होता, त्याच रस्त्याने आणखी दक्षिणेस गेले की हा नवा कारखाना लागतो. त्या वर्षी जुळविलेल्या गाड्यांनी 2022 साली वयाची पंधरा वर्षे पूर्ण केली. खाजगी मोटारीची नोंदणी आपल्या देशात पंधरा वर्षांची असते; पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे आलिशान मोटारींची एक संपूर्ण पिढी आता वार्धक्यात शिरली आहे, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाच्या दारी उभी आहे. ह्या वर्गातील गाड्यांची दुखणी ठरलेली असतात: थंड पाणी खेळविणाऱ्या प्लास्टिकच्या जोडनळ्या उष्णतेने ठिसूळ होतात; हवेवर तोललेल्या गाड्यांच्या रबरी पिशव्यांना चिरा पडून गाडी रात्रीतून एका अंगाने खाली बसते; तेलाच्या गळत्या सुरू होतात. ही दुखणी प्राणघातक नव्हेत. पण त्यांचा खर्च आधीच बाजूला काढून न ठेवणाऱ्या मालकास ती प्राणघातक वाटतात.

विम्याकडून आधाराची अपेक्षा करावी तर तेथेही वयाची वजावट आडवी येते. विम्याची रक्कम गाडीच्या आजच्या बाजारभावावर ठरते, तर दुरुस्तीचा खर्च तिच्या मूळ वैभवावर. साध्या पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला की गाडी संपूर्ण निकामी धरली जाते. त्यामुळे ज्या अपघातातून एखादी साधी नवी गाडी सहज दुरुस्त होऊन निघेल, त्याच अपघातात जुनी आलिशान मोटार कागदोपत्री मृत ठरू शकते. कायद्याने जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा मान 2021 साली दिला खरा. परंतु त्यासाठी वाहनाचे वय पन्नास वर्षांहून अधिक असावे लागते. 1985 सालच्या स्टँडर्ड 2000 ला तो मान मिळण्यास 2035 साल उजाडावे लागेल. पंधराव्या आणि पन्नासाव्या वर्षांमधील ही पस्तीस वर्षे जुन्या मोटारीच्या आयुष्यातील खरी परीक्षेची वर्षे होत. ह्या काळात ती नवी नसते आणि पूज्यही नसते. ती नुसतीच जुनी असते.

ही वर्षे तिला कोण पार करवितो? मालकाची हौस तर लागतेच. पण हौस एकटी पुरी पडत नाही. हाताच्या स्पर्शाने बेअरिंगची झीज ओळखणारा, इंजिनाच्या आवाजावरून झडपेतील अंतर सांगणारा मिस्त्री लागतो. अशा मिस्त्रींची पिढी आता थकत चालली आहे, आणि त्यांची मुले संगणकाच्या पडद्यावर दोषांचे क्रमांक वाचण्याचे शिक्षण घेत आहेत. ते शिक्षण आवश्यक आहे. पण पडद्यावर क्रमांक उमटविण्याची सोय ज्या गाडीत मुळी नाही, तिच्यापुढे ते मुके ठरते. खंडेनवमीला महाराष्ट्रात शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. चेन्नईत त्याच दिवशी ‘आयुधपूजा’ असते. गॅरेजमधले पाने, पक्कडी आणि हातोडे धुऊनपुसून, गंध लावून मांडले जातात. गाड्यांना केळीचे खुंट आणि फुलांच्या माळा बांधतात. चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडतात आणि दृष्ट काढण्यासाठी कोहळा फोडतात. ह्या पूजेतील मंत्र कोणताही असो, तिच्यातील भाव असा की, हत्यार जपले तर ते आपल्याला जपते. जुन्या गाडीच्या सांभाळाचे सारे शास्त्र ह्या भावनेत सामावलेले आहे.

स्टँडर्डच्या कथेचा शेवट ह्या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. उत्पादन थांबल्यावर कारखाना वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिला. 2006 सालच्या सुमारास कंपनीचे विसर्जन झाले आणि मालमत्तेचा लिलाव निघाला. आज त्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांच्या आणि निवासांच्या उंच इमारती आहेत. गोदामांत पडून राहिलेल्या सुट्या भागांचे काय झाले? ते इंग्लंडमधील लिंकन येथील रिमर ब्रदर्स ह्या संस्थेने विकत घेतले. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग जगभर पुरविणे हाच त्या संस्थेचा व्यवसाय आहे. इंग्लंडमध्ये रोव्हर एसडी-1 जपणाऱ्या हौशी मालकांना त्या भागांची गरज होती, आणि गरज ओळखणारी एक व्यवस्था त्यांच्यामागे उभी होती. इंग्लंडच्या साच्यांवरून मद्रासच्या कामगारांनी घडविलेले ते पत्रे आणि ते पुर्जे पेट्यांत भरून समुद्रमार्गे परत इंग्लंडला गेले; आणि पेरुंगळत्तूरपासून काही मैलांवर राहणारा स्टँडर्ड 2000 चा मालक मागच्या दिव्याच्या एका काचेसाठी पुदुपेटच्या गल्ल्या धुंडाळीत राहिला.

ह्यात इंग्रजांची चलाखी नाही आणि आपली गरिबीही नाही. एका ठिकाणी जुन्या वस्तूचे भाग हे भांडवल मानले गेले, दुसऱ्या ठिकाणी ते भंगार मानले गेले, एवढाच फरक. मोटार विकत घेताना आपण लोखंड, काच आणि कातडे विकत घेतो असे वाटते. वास्तविक तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसांची आणि सुट्या भागांची एक अदृश्य साखळी आपण विकत घेत असतो. ती साखळी शाबूत असेल तर चाळीस वर्षांची गाडी धावते. ती तुटली तर चार वर्षांची गाडीही अंगणातले ओझे होते. 2021 साली फोर्ड कंपनीने हिंदुस्थानातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा चेन्नईजवळच्या मरैमलै नगर येथे तयार झालेल्या गाड्यांच्या मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीच्या किमतीचा नव्हता. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हा होता. स्टँडर्डच्या अनुभवाने निदान योग्य प्रश्न विचारण्याचे शहाणपण आले, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून उतरत्या वयातील उंची मोटार घ्यावी की न घ्यावी, ह्या प्रश्नाचे उत्तर मालकाच्या पाकिटात शोधण्यापूर्वी त्याच्या गावात शोधावे. गाडी पाहण्याच्या आधी तिचा मिस्त्री पाहावा. तिच्या रंगाचे कौतुक करण्याआधी तिच्या जुन्या दुरुस्त्यांची टिपणे वाचावीत. आणि तिच्या किमतीत जी रक्कम वाचली असे वाटते, ती वाचली नसून पुढील वर्षांसाठी आपल्याकडे ठेव म्हणून राहिली आहे, असे समजून बाजूला काढावी. एवढे करूनही जो तिला घरी आणील, तो फसणार नाही. दर रविवारी बादलीभर गोड्या पाण्याने तो तिला धुईल, दारांच्या तळाची छिद्रे मोकळी करील, आणि तिच्या आवाजातील लहानसा फरकही ओळखू लागेल. मालकीची खूण नोंदणीच्या पुस्तकात असते. मालक होणे मात्र अशा लहान लहान कामांतूनच घडत असते.